मुंबईला न पोहोचलेली बोट

पी अँड ओ कंपनीची ‘कार्नाटिक’ ही आगबोट १२ सप्टेंबर १८६९ रोजी सकाळी सुएझहून निघाली ती मुंबईला यायला. मध्यरात्र उलटून एक वाजून गेल्यावर ती गुबालच्या सामुद्रधुनीत अबू नुहास नावाच्या प्रवाळखडकावर चढली. आजही ती त्याच खडकाच्या पायथ्याशी, सत्तावीस मीटर पाण्यात, डाव्या कुशीवर पडून आहे. इजिप्तमध्ये हुरघाडाला डायव्हिंगला जायचं ठरलं तेव्हा मी एकच हट्ट धरला होता. बाकी काही राहिलं तरी चालेल, पण मुंबईला यायला निघालेली ही बोट बघायचीच.

आम्ही चौघं. तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत शिकताना ओळख झाली, ती टिकली. चीफ मूळचे अलिबागचे. सगळी नोकरी व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली, त्यामुळे निवृत्तीनंतरही ते सगळ्यांचे ‘चीफ’च. डॉक्टर भूलतज्ज्ञ आहेत. पाण्याखाली दुसऱ्याच्या श्वासाकडे त्यांचं जेवढं लक्ष असतं तेवढं स्वतःच्याही नसतं. आणि माझी मैत्रीण शाळेत इतिहास शिकवते. या सहलीच्या आधी महिनाभर तिनं आम्हाला अक्षरशः अभ्यासाला बसवलं होतं.

हुरघाडाहून पहाटे निघालेल्या बोटीला अबू नुहास गाठायला दोन तासांच्या वर लागतात. इथं वारा बहुतेक उत्तरेचा. बुडालेली जहाजं खडकाच्या उत्तर अंगाला, म्हणजे नेमकी लाटांच्या तोंडी. म्हणून मोठी बोट दक्षिणेला आडोशाला बांधतात आणि तिथून रबरी झोडियाकमधून माणसं पलीकडे नेतात. वरून बघितलं तर त्या खडकाचा काही अंदाज येत नाही. पाण्याचा रंग मध्येच पोपटी होतो आणि त्याच्या कडेनं पांढरा फेस फुटत राहतो, एवढंच. पण सुएझच्या आखातातून बाहेर पडणाऱ्या जहाजांच्या वाटेलगतच हा खडक पाण्याच्या पातळीला टेकून उभा आहे. ‘कार्नाटिक’शिवाय १९७८ साली ‘किमोन एम’, १९८१ साली ‘क्रिसूला के’ आणि १९८३ साली ‘जियानिस डी’ अशी आणखी तीन मोठी मालवाहू जहाजं त्यानं घेतली. चीफ कठड्याला धरून बराच वेळ त्या फेसाकडे बघत होते. “या सामुद्रधुनीतून किती वेळा गेलो,” ते म्हणाले, “पण आम्ही खाली. हा खडक मी फक्त चार्टवर पाहिलेला.”

झोडियाकमध्ये बसण्याआधी एकमेकांची तपासणी झाली. डॉक्टरांनी माझ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुन्हा एकदा फिरवून पाहिला, रेग्युलेटरमधून मला चार श्वास घ्यायला लावले आणि काट्यावर नजर ठेवली. काटा हलला नाही, म्हणजे हवा नीट येते आहे. आम्ही ३२ टक्के प्राणवायूचं नायट्रॉक्स घेतलं होतं. सत्तावीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या जवळपास पावणेचार पट होतो, आणि साध्या हवेवर तिथं वीसेक मिनिटांतच वर यायची वेळ होते. नायट्रॉक्समध्ये नायट्रोजन कमी, म्हणून तळाशी थोडा जास्त वेळ मिळतो. ‘कार्नाटिक’वर तो वेळ लाखमोलाचा आहे.

एक, दोन, तीन म्हणताच चौघं पाठमोरे पाण्यात पडलो. वर लाटांनी नुसता धिंगाणा घातला होता, पण पाच मीटरखाली गेल्यावर सगळं शांत. आधी नुसता निळा रंग. मग त्यात एक गडद रेघ उमटली, आणि ती रेघ रुंदावत गेली तशी बोटीची पिछाडी आकाराला आली.

प्रोपेलर आणि सुकाणू अजून जागेवर आहेत. पिछाडीच्या गोलाईवर चौकोनी खिडक्यांची रांग आहे. एकीतून एक लालसर मासा बाहेर बघत होता. टॉर्च मारल्यावर कळलं तो लाल आहे, नाहीतर त्या खोलीवर लाल रंग उरतच नाही. डेकच्या फळ्या कुजून कधीच गेल्या. राहिल्या आहेत त्या लोखंडी फासळ्या, पडक्या वाड्याच्या उघड्या पडलेल्या वाशांसारख्या, आणि त्यांच्यामधून उन्हाचे पट्टे थेट बोटीच्या पोटात उतरतात. आत शिरायला जागा ऐसपैस आहे आणि बाहेरचं पाणी सतत दिसत असतं, त्यामुळे मनावर दडपण येत नाही. त्या पट्ट्यांमध्ये ग्लासफिशचा हजारोंचा थवा तरंगत होता. आम्ही पुढे सरकलो तसा तो दुभंगला, आम्हाला वाट दिली आणि मागे पुन्हा जुळला. फासळ्यांवर आता जांभळी, गुलाबी मऊ प्रवाळं लगडली आहेत. दीडशे वर्षांत समुद्रानं ही बोट इतकी आपलीशी केली आहे की लोखंड कुठं संपतं आणि प्रवाळ कुठं सुरू होतं ते हात न लावता सांगता येत नाही, आणि हात तर लावायचाच नाही.

मैत्रिणीनं टॉर्चचं वर्तुळ एका जागी स्थिर धरलं. तळच्या गाळात एका बाटलीचं बूड होतं. काच जाड, काळपट हिरवी, मध्ये आत गेलेला खळगा. कडेला चुनखडीचा थर चढून ते शेजारच्या लोखंडाला कायमचं चिकटलं होतं. एक नखाएवढा खेकडा त्या खळग्यात घर करून होता. ‘कार्नाटिक’वर दारूच्या आणि सोड्याच्या बाटल्या होत्या. आख्ख्या होत्या तेवढ्या लोकांनी उचलून नेल्या, आता ही बुडं तेवढी उरलीत. आम्ही चौघंही त्या खेकड्याभोवती डोकी जुळवून किती वेळ थांबलो कोण जाणे. शेवटी डॉक्टरांनी आपला गेज दाखवून पुढे चलायची खूण केली.

मध्याचा भाग म्हणजे नुसता ढिगारा. बोटीचे दोन तुकडे झाले ते इथंच. बॉयलर पडलेत, मोडलेली डोलकाठी वाळूत आडवी आहे. तो ढिगारा ओलांडताना मला अभ्यासात वाचलेली तारीख आणि वेळ आठवत होती, आणि त्यानं अंगावर काटा आला.

काय झालं होतं ते सांगते. खडकावर बोट चढली तेव्हा कुणालाच काही झालं नव्हतं. कॅप्टन जोन्स यांनी पाहणी केली. पंप पाणी उपसत होते, बॉयलर चालू होते. ‘सुमात्रा’ ही कंपनीचीच दुसरी बोट त्या वाटेनं लवकरच येणार होती. तेव्हा माणसं होड्यांत घालून लाटांत सोडण्यापेक्षा बोटीवरच थांबलेलं बरं, असा त्यांनी निर्णय घेतला. वजन कमी करायला काही माल समुद्रात टाकला. दिवस उजाडला. जवळच्या शदवान बेटावर आम्हाला उतरवा, म्हणून प्रवाशांनी विनवण्या केल्या. कॅप्टननी नकार दिला. रात्रीचं जेवण नेहमीसारखं वाढलं गेलं. मग दुसऱ्या रात्री पाणी वाढत जाऊन बॉयलर बुडाले, वाफ गेली, दिवे गेले. १४ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास अखेर होड्या भरायला सुरुवात झाली. बायका आणि मुलं आधी बसवली. आणि त्याच वेळी बोट मधोमध मोडली. एकतीस माणसं गेली. खडकावर चढल्यापासून चौतीस तास त्या माणसांच्या हातात होते.

डाइव्हनंतर बोटीवर चहा घेताना यावरून आमची चांगलीच जुंपली. मैत्रिणीचं म्हणणं, हा निव्वळ हट्ट. चौकशीतही कॅप्टनलाच दोषी धरलं गेलं आणि त्यांचा परवाना नऊ महिने रोखला गेला. चीफनी ऐकून घेतलं. “अगं, पंप चालू असेपर्यंत जहाज सोडायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात,” ते म्हणाले. “उघड्या होडीत, अंधारात, या लाटांत दोनशे माणसं उतरवायची म्हणजे पोरखेळ नाही. पहिल्या रात्री त्यांचं बरोबर होतं. दिवस उजाडल्यावर मात्र नाही.” मला हे पटतं. उजेडात, जवळच बेट दिसत असताना थांबण्याला काही कारण उरलं नव्हतं. वाचलेल्यांनी शदवानवर पोहोचून किनाऱ्याला लागलेले कापसाचे गठ्ठे पेटवले, रॉकेट्स उडवली, आणि ‘सुमात्रा’नं त्यांना उचललं.

गेलेल्या एकतिसांत प्रवासी पाचच. बाकी सगळी बोटीवर काम करणारी माणसं. पी अँड ओच्या बोटींवर त्या काळात डेकवर कोकण किनाऱ्याचे, रत्नागिरीकडचे दर्यावर्दी मुसलमान असत आणि भटारखान्यात, जेवणघरात गोव्याची माणसं. लस्कर म्हणत त्यांना. माझगाव गोदी पी अँड ओच्या मालकीची होती ते हेच दिवस. विलायतेहून टपाल आणि माणसं अलेक्झांड्रियाला उतरत, आगगाडीनं सुएझला येत आणि तिथून बोटीनं मुंबईला. ‘कार्नाटिक’वर कापूस होता, तांब्याचे पत्रे होते, टपालाच्या पिशव्या होत्या आणि ४०,००० पौंडांची नाणी होती. पैशासाठी काही आठवड्यांतच इंग्लंडहून शिरस्त्राण घातलेले पाणबुडे आले आणि त्यांनी त्यातलं बरंचसं धन बाहेर काढलं. तांबं तिथल्या बेदुइनांनी नुसता श्वास रोखून, बुड्या मारून काढलं. आमच्या पाठीवर सिलिंडर, मनगटावर कॉम्प्युटर. त्या बेदुइनांचा विचार मनात आल्यावर मी नतमस्तक झाले.

आणखी एक गोष्ट मैत्रिणीनं काढली. भा. रा. भागवतांमुळे ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या घरात आला. त्याच व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत हाँगकाँगहून योकोहामाला जाणाऱ्या बोटीचं नाव ‘कार्नाटिक’ आहे. कादंबरीतला प्रवास १८७२ सालचा. खरी ‘कार्नाटिक’ तोवर तीन वर्षं पाण्याखाली होती.

दुपारी ‘जियानिस डी’. ही जपानमध्ये बांधलेली, ग्रीक मालकीची, लाकूड घेऊन निघालेली. हिच्यावर कुणी दगावलं नाही. हिची पिछाडी आख्खी आहे, पण पंचेचाळीस अंशांत कललेली. जिना, कठडे, दारं, सगळंच तिरकं, आणि पाण्यात वजन जाणवत नसल्यामुळे मेंदूला वर कुठं आणि खाली कुठं ते उमगेनासं होतं. सुटणाऱ्या बुडबुड्यांवर विश्वास ठेवायचा, ते जातात ती वरची दिशा. वाटाड्या पुढे, आम्ही मागे, असे आम्ही इंजिनरूममध्ये शिरलो.

तिथं मी इंजिनापेक्षा चीफना जास्त बघितलं. ते एका जागी तरंगत राहिले. टॉर्च आधी सिलिंडर हेडवर, मग पाइपांवरून हळूहळू पुढे, मग एका व्हॉल्व्हच्या चाकावर, मग जाळीच्या जिन्यावर. जहाजावर वॉच घेताना माणूस ज्या क्रमानं नजर फिरवतो, त्याच क्रमानं. एका चाकापाशी त्यांचा हात अगदी जवळ गेला आणि चार बोटांच्या अंतरावर थांबला. वर छताशी अडकलेल्या हवेचा कप्पा आहे, त्यावर तेलाचा थर चकाकत होता. डॉक्टर त्यांच्या मागेच होते, एका हाताच्या अंतरावर, सगळा वेळ.

वर आल्यावर मास्क काढून चीफ म्हणाले, “माझ्या पहिल्या जहाजाचं इंजिन याच बनावटीचं. वॉचवरची पोरं जिन्यानं वर पळाली असतील ना, तो जिना मला पाठ आहे.” मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

परतीच्या वाटेवर डाव्या हाताला शदवान दिसत राहिलं, उघडंबोडकं, तांबूस. मैत्रिणीनं मोबाईलवरची टिपणं उघडून अजून एक तारीख वाचून दाखवली. सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला, म्हणजे ‘कार्नाटिक’ बुडाल्यानंतर दोन महिन्यांनी. त्यानंतर मुंबईच्या बोटी थेट भूमध्य समुद्रातून येऊ लागल्या आणि सुएझला गाडी बदलून बोटीत बसायचा तो जुना रस्ता मागे पडला. त्या रस्त्यावरची ही बोट आपल्या शहराच्या इतिहासात मोडते, असं मी ठामपणे म्हणेन. मुंबईत तिचं नाव कुणाला सांगितलं की लोक दक्षिणेतल्या संगीताबद्दल बोलू लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्ही डायव्हिंग करत असाल, तर ‘कार्नाटिक’वर जा. त्यासाठी साधा ओपन वॉटर कोर्स पुरत नाही, त्याची मर्यादा अठरा मीटरची. अ‍ॅडव्हान्स्ड करा, नायट्रॉक्स शिका, आणि तळ न ढवळता एका जागी तरंगता येईपर्यंत तारकर्लीला, मालवणला सराव करा. आत शिरणार असाल तर जाणता वाटाड्या सोबत हवाच. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तासांनी ठेवा. जाण्याआधी त्या चौतीस तासांबद्दल वाचून जा. आणि बाटलीचं एखादं बूड दिसलं तर तिथंच राहू द्या. तुमच्यामागून येणाऱ्या मराठी माणसालाही ते बघायचं आहे.