फाटण्याच्या अलीकडे

जळालेल्या कॉईलचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. गेल्या पावसाळ्यात एक पोरगा डिकीतला बारा इंची वूफर काढून माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "दादा, मालच खराब निघाला." मी कोनवर दोन्ही हातांची बोटं टेकवून तो हलकेच आत दाबला. आतून खरखर आली. कोन कापून कॉईल बाहेर काढली, तर तांब्याच्या तारेवरचं इनॅमल काळं पडलेलं, वेटोळे सुटून चुंबकाच्या फटीत घासत होते. माल चांगला होता. त्याच्या अॅम्पवरचा गेनचा स्क्रू मात्र शेवटच्या टोकाला पोचलेला होता.

कोल्हापुरात उद्यमनगरात वीस वर्षं मी गाड्यांना सिस्टीम बसवतोय. आवाज ही हौसेची गोष्ट आहे आणि आमच्याकडं हौसेला तोटा नाही. म्हणून सांगावंसं वाटतं, की गेन हे आवाज वाढवायचं बटण नाही. डॅशबोर्डवरच्या डेकमधून सिग्नल येतो तो कुणाचा २ व्होल्टचा, कुणाचा ४ व्होल्टचा. किती व्होल्ट आले की पूर्ण ताकद लावायची, एवढंच अॅम्पला सांगण्यासाठी तो स्क्रू असतो. त्याच्या एका टोकाला ६ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला ०.२. लोक तो आकडा वाचत नाहीत, 'कमी' आणि 'जास्त' एवढंच वाचतात. ४ व्होल्टचा डेक आणि गेन ०.२ वर, म्हणजे डेकनं आपल्या सिग्नलचा विसावा भाग दिला तेव्हाच अॅम्पची ताकद संपली. त्यापुढं व्हॉल्यूम जितका फिरवाल, तितका आवाज फक्त फाटत जातो.

फाटतो म्हणजे काय, ते माझ्याकडच्या छोट्या ऑसिलोस्कोपवर मी गिऱ्हाइकाला दाखवतो. स्वच्छ सूर पडद्यावर गोल माथ्याच्या डोंगरासारखा दिसतो. गेन वाढवत नेला की एका क्षणी माथा कापला जातो आणि पाचगणीचं पठार दिसायला लागतं. अॅम्पकडं त्याहून जास्त व्होल्टेजच नसतं, तो देणार कुठून? पण त्या पठाराखालची पॉवर वाढतच राहते. पूर्ण चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर कॉईलमध्ये ओतते. वूफरमध्ये गेलेल्या पॉवरचा अगदी थोडा भाग आवाज होतो, बाकी सगळी उष्णता. त्या पोराची कॉईल अशी भाजली होती.

दाराचा स्पीकर फाटला की लगेच कळतं, कानाला चिरतो. वूफर मात्र फसवतो. ५० हर्ट्झचा सूर कापला गेला की त्यात १५०, २५० हर्ट्झचे जास्तीचे सूर मिसळतात, आणि आपला कान त्या सुरांना खोल बेसपेक्षा जास्त तिखट असतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळं खराब झालेला बेस ऐकणाऱ्याला 'भरलेला' वाटतो. म्हणून गेन नुसत्या कानानं लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी मल्टिमीटरनं लावतो. वूफरच्या वायरी अॅम्पपासून सोडवायच्या. डेकवरचा बेस, ट्रेबल, लाउडनेस शून्यावर, अॅम्पवरचा बेस बूस्टही शून्यावर. लो पास फिल्टर ८० हर्ट्झला. गेन अगदी खाली. इंजिन चालू ठेवायचं, कारण बंद गाडीत बॅटरी साडेबाराच्या आसपास देते आणि चालू गाडीत चौदाच्या आसपास. मग ५० हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा टेस्ट टोन लावायचा आणि डेकचा व्हॉल्यूम ४० पैकी ३० वर न्यायचा. बहुतेक डेक त्याच्या वर स्वतःच फाटायला लागतात. आता गणित. अॅम्पची खरी, म्हणजे आरएमएस पॉवर गुणिले वूफरचे ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा यात धरायचा नाही. ४०० वॉट आणि ४ ओहम असेल तर १६००, वर्गमूळ ४०. वूफर अॅम्पपेक्षा कमी वॉटचा असेल तर आकडा वूफरचा धरायचा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून मी स्क्रू केसाएवढा फिरवत जातो. ३१... ३६... ३९... ४०. गाडीत चिटपाखरू बोलत नाही आणि तरी गेन लागलेला असतो. घरातली वीजही ५० हर्ट्झची, त्यामुळं साधा मीटरही हा आकडा नीट दाखवतो. कापलेली लाट मात्र त्याला ओळखता येत नाही. अॅम्प खरोखर तेवढे वॉट देतो का याची शंका आली की मी स्कोप लावतोच.

इचलकरंजीचा एक जण आला होता. "दादा, बेस येईना झालाय. गेन फुल्ल केलाय, तरी बी न्हाई." मी गेनला हातच लावला नाही. व्हॉल्यूम कमी ठेवून वूफरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. दाराचे स्पीकर हवा पुढं ढकलत होते तेव्हा वूफर ती मागं ओढत होता, दोघं एकमेकांना खात होते. वायरी उलटल्यावर पाठीमागच्या सीटला टेकून बसलेला तो एकदम ताठ झाला. मग मीटर लावला, तर गेन निम्म्याच्याही खाली आला. बेस नाही म्हटल्यावर आधी हे बघावं. मग डिकीतली अर्थिंग बघावी. रंग खरवडून पत्र्याची चमक दिसल्याशिवाय मी तिथं बोल्ट आवळत नाही.

एवढं करूनही कुणी म्हणतं, अजून जरा. त्याला मी सांगतो, ४०० चे ८०० वॉट केलेस तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात, म्हणजे दहापट पॉवर. ती स्क्रूत नसते. हवी तर पेटी चांगली बनवू, पेटीची जागा बदलून बघू.

गाडी द्यायच्या आधी गेनच्या स्क्रूवर आणि त्याच्या शेजारच्या पत्र्यावर मिळून लाल नेलपेंटची एक बारीक रेघ ओढतो. पुढं ती गाडी कशाहीसाठी आली, तरी आधी डिकी उघडून ती रेघ अजून सरळ आहे का, ते बघतो.