हिरवं आहे, पण मूळचं नाही

भारतातून येणारे पाहुणे विमानातून मॉरिशस पाहतात आणि म्हणतात, "किती निसर्ग आहे हो तुमच्याकडे!" पण त्यांना दिसतो तो बहुतेक ऊस. तो डचांनी १६३९ साली जावाहून आणला. इथलं मूळचं चांगलं जंगल आज दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय.

बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब. तरी पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस, तर मधल्या पठारावर ४००० पर्यंत. म्हणून किनाऱ्याला ताड आणि एबनीचं कोरडं रान, वर ओलं दाट जंगल, आणि गंगातलावाजवळ पेत्रँला पातळ मातीवरचं खुरट्या झुडपांचं माळ. तिथल्या दलदलीत आपल्या केवड्याची भावंडं उभी आहेत. वाकोआस गावाचं नावच त्या झाडावरून पडलं.

या जंगलाचा मोठा शत्रू आमच्या मुलांचा लाडका आहे: 'गोयाव द शीन', म्हणजे चिनी पेरू. नाव चिनी, मूळ ब्राझीलचं. हिवाळ्यात आम्ही सगळे पिशव्या घेऊन ही लालबुंद फळं तोडायला जातो आणि तिखटमीठ लावून खातो. पण त्याची इतकी गर्दी माजते की खाली मूळ झाडांची रोपं उजेडाविना मरतात. राखलेल्या तुकड्यांत माणसं ती झुडपं हातांनी काढतात.

एवढ्या कष्टांनी काय होतं, ते पाहायचं तर माहेबूरजवळच्या इल ओ एग्रेत या २६ हेक्टरच्या बेटावर जा. तिथे एबनीचं जंगल पुन्हा उभं राहतंय. इथली मूळची मोठी कासवं कधीच संपली, म्हणून आल्दाब्राची कासवं आणून सोडली. ती एबनीची फळं खातात, बिया लांबवर टाकतात आणि त्या रुजतात. गुलाबी कबुतरंही तिथे दिसतात. १९९१ मध्ये रानात ती दहाच्या आसपासच उरली होती.

पाहुण्यांनो, दिवाळीला जरूर या. चकल्या आणा, कंदील आणा. पण बॅगेत गावाकडची फांदी किंवा बी आणू नका. परवान्याशिवाय तशी बंदीच आहे. आणि बंदी नसती, तरी या बेटाने बाहेरून आलेल्या रोपांची किंमत पुरेशी मोजली आहे.