चकव्यावरचा उतारा

वाचकहो, 'चकवा लागला' हे शब्द ज्या घरात कधी बोलले गेले नाहीत, असे घर डोंगरपट्ट्यात सापडायचे नाही. गुरांमागे गेलेला माणूस पायाखालच्या माळावर फिरफिर फिरतो आणि तासाभराने पाहतो, तर पुन्हा त्याच करवंदीच्या जाळीपाशी उभा! जुनी माणसे सांगत, चकव्याने धरले की चालायचे थांबावे आणि उजाडेपर्यंत बसून राहावे.

यात भुताखेताचा भाग किती, ते ज्याचे त्याने ठरवावे. अनुभव मात्र खोटा नव्हे. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याची परीक्षाच घेतली आणि २००९ साली ती प्रसिद्ध केली. त्यांनी काही माणसांना सपाट जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात नेऊन सोडले आणि 'सरळ चालत राहा' एवढेच सांगितले. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आले तेव्हा ती वळत वळत आपल्याच मागच्या वाटेला येऊन मिळाली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती! ही माणसे कुठून कुठे गेली, ते शास्त्रज्ञांनी मोजले जीपीएस यंत्राने. म्हणजे चकवा पकडला तो या यंत्राने. तोच धागा धरून आज तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

आमचे घर अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या पट्ट्यात. भात, नाचणी, थोडी वरई, चार शेळ्या, एवढा आमचा संसार. पण पावसाळा लागला की शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी गडावर लोटतात. त्यांच्यासाठी पिठले-भाकरी करायची आणि वाट दाखवायला कोणीतरी बरोबर जायचे, यातून वर्षाकाठी हाताला बरे पैसे लागतात. आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चाळीस वर्षे लोकांना गडावर नेऊन सुखरूप खाली आणले. आता त्यांचे गुडघे धरले आहेत आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. वाटाड्याचे काम पुतण्याकडे आले. पोर धीट आहे, पण आबांच्या पायांत चाळीस पावसाळे होते, याच्या पायांत चार.

गडाचा माथा म्हणजे उघडे पठार. आषाढ-श्रावणात धुके उतरले की हातभर लांबचा माणूस दिसत नाही आणि सगळ्या टेकड्या सारख्याच वाटू लागतात. एका बाजूला कोकणकड्याची सरळ धार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुण्याकडची काही तरुण मंडळी याच गडावर पावसा-धुक्यात वाट चुकली आणि त्यांतला एकजण थंडीने गारठून गेला. घरातला मुलगा परक्यांची पंधरा पोरे घेऊन अशा धुक्यात जातो, तेव्हा चुलीपुढे बसलेल्या बाईच्या जिवाचे काय होत असेल, ते तुम्हांला सांगायला नको.

पुतण्याने हातात धरायचे जीपीएस यंत्र घ्यायचा विषय काढला, तेव्हा घरात दोन तट पडले. साध्या यंत्रालाही दोन दुभत्या शेळ्यांचे पैसे पडतात. आबा म्हणाले, "वाट पायाला ठाऊक असते, डब्याला नव्हे." पुतण्या म्हणाला, "आबा, तुमच्या पायाला ठाऊक आहे. ते पाय मला कुठून मिळायचे?" यावर आबा काही बोलले नाहीत. मग आम्ही विचारपूस केली, दोन दुकाने पालथी घातली, माहितगारांना विचारले. त्यातून जे कळले, ते तुमच्याही उपयोगी पडेल.

आधी यंत्राचे मर्म समजून घ्या. वीज चमकली की आपण एक, दोन, तीन असे मोजतो आणि गडगडाट किती उशिरा आला त्यावरून वीज किती लांब पडली ते ताडतो. यंत्र हेच करते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह वेळेचा संदेश सतत पाठवत असतात. तो पोहोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते आणि किमान चार उपग्रहांची अंतरे जुळवून आपली जागा सांगते. वेळेत सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, तरी जागेत ३०० मीटरचा फरक पडतो, इतके हे काम नाजूक! अमेरिकेने यातला पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. सामान्य माणसाच्या यंत्रात मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, तेव्हापासून हे यंत्र डोंगरात खरे कामाचे झाले. आज रशिया, युरोप आणि चीन यांचेही उपग्रह आहेत, आणि आपल्या देशाची 'नाविक' ही व्यवस्थाही आहे. एकाहून अधिक देशांचे उपग्रह ऐकणारे यंत्र घ्यावे. खोल घळीत आभाळाचा तुकडाच दिसतो, तिथे जितके उपग्रह अधिक तितके बरे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. हे यंत्र फक्त ऐकते, बोलत नाही. म्हणून त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. पण म्हणूनच तुम्ही कुठे अडकला आहात, हे ते घरी कळवूही शकत नाही. उपग्रहावरून निरोप धाडणारी वेगळी यंत्रे मिळतात. ती आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. माहिती नसलेले परदेशी पाहुणे अशा यंत्रापायी विमानतळावर अडकले आहेत. परदेशातला भाचा कौतुकाने आणतो म्हणाला, तरी त्याला नको म्हणा.

आता तुम्ही विचाराल, मोबाइलमध्येही जीपीएस असतेच की, मग हा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. वर्षातून दोनदा, उजेडात, मळलेल्या वाटेने जाणाऱ्याला मोबाइल पुरतो. नकाशा घरूनच उतरवून घेतला की रेंज नसतानाही तो जागा दाखवतो. पण भर पावसात ओल्या बोटांना मोबाइलची काच दाद देत नाही, फोटो काढता काढता संध्याकाळी बॅटरी संपते, आणि जीव वाचवायला फोन करायचा तोही त्याच डब्यातून. ज्याचा रोजगारच डोंगरात आहे, त्याने वाटेचे यंत्र वेगळे ठेवावे आणि मोबाइल बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत राखून ठेवावा.

निवडताना आम्ही पाच गोष्टी पाहिल्या. पहिली, बटणे. गारठलेल्या बोटांनी, अंगावर इरले असताना, न पाहता दाबता येतील अशी बटणे हवीत. दुसरी, सेल. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तोच पेन्सिल सेल चालणारे यंत्र आमच्यासारख्यांना सोयीचे, कारण तो गावच्या दुकानातही मिळतो. सेल किती टिकतो यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. गार्मिन कंपनीच्या २०१९ सालच्या ईट्रेक्स २२एक्स या यंत्राला कंपनी २५ तास सांगते, तर २०२३ सालच्या साध्या ईट्रेक्स एसईला १६८ तास. दुसऱ्यात रंगीत नकाशा नाही, म्हणून सेल पुरून उरतो. तिसरी, पाणी. यंत्रावर 'आयपीएक्स ७' असे लिहिलेले पाहावे. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी बिघडत नाही, असा त्याचा अर्थ.

चौथी गोष्ट होकायंत्राची. काही यंत्रे तुम्ही चालत असाल तरच दिशा सांगतात. उभे राहिलात की त्यांना उत्तर कुठे, दक्षिण कुठे, काही कळत नाही. आणि धुक्यात माणूस आधी उभाच राहतो! आत होकायंत्र असलेले यंत्र उभ्यानेही दिशा दाखवते. पाचवी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आल्या वाटेची खूण. चालताना यंत्र मागे रेघ ओढत जाते आणि परतताना त्याच रेघेवरून चालता येते. चकव्यावर खरा उतारा हाच. आपण गोल फिरू लागलो, तर रेघ वाकडी होताना डोळ्यांना दिसते. दुकानदार रंगीत नकाशा, मोठी काच, आणखी दहा करामती दाखवत होता. पुतण्याने त्याला एकच विचारले, "परत कसे यायचे ते दाखवा." ज्या यंत्राने ते सर्वांत कमी बटणांत दाखवले, ते साधे यंत्र आम्ही घेतले.

यंत्र घेतले म्हणजे काम संपले असे नाही. मोकळ्या आभाळाखालीही त्यात तीन ते पाच मीटरची चूक असते, आणि कड्याखाली किंवा दाट झाडीत ती वाढते. पठारावर पाच मीटर म्हणजे काहीच नाही. कोकणकड्यावर पाच मीटर म्हणजे सगळे आयुष्य. कडा जवळ आला की विश्वास डोळ्यांवर आणि काठीवर ठेवायचा. दिसत नसेल तर बसून राहायचे. इथे जुनी माणसे सांगत तेच खरे.

अडल्यावेळी ११२ वर फोन लागला, तर आपली जागा आकड्यांत सांगावी लागते. तिथे मोठा घोटाळा होतो. १९.३९ अंश आणि १९ अंश ३९ मिनिटे हे ऐकायला सारखे वाटतात, पण एका अंशाची मिनिटे साठ असतात. या दोन जागांत जवळजवळ २९ किलोमीटरचे अंतर आहे! शोधायला निघालेली माणसे भलत्याच तालुक्यात जातील. म्हणून आकडा सांगताना 'एकोणीस दशांश तीन नऊ अंश' असा फोडून सांगावा. तसेच कोणाकडे भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना छापील नकाशा असेल, तर त्यावरची मापे यंत्राशी तंतोतंत जुळत नाहीत. दोन्हींचा हिशेबाचा पाया वेगळा असल्याने आमच्या भागात शंभर मीटरहून थोडा जास्तच फरक पडतो.

आणखी एक सावधगिरी, खास शेतकरी घरांसाठी. यंत्र घरात आले की पहिली इच्छा होते ती बांध मोजायची. आमच्या शेजाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी ते मागितले. कृपा करून हा मोह टाळा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. यंत्राची चूक दहा-पंधरा फुटांची. त्या मोजणीवर भांडण उभे केले, तर भाऊ भावाला मुकायचा आणि बांध जिथल्या तिथे राहायचा. भूमी अभिलेख खात्याचे लोक रोव्हर नावाचे यंत्र आणतात, ते काही सेंटिमीटरपर्यंत अचूक असते. मोजणी हवी असेल तर रीतसर अर्ज करावा. हातातले यंत्र वाटेसाठी आहे, वाटणीसाठी नव्हे!

यंत्र आल्यावर घरात एक गोष्ट घडली, ती आम्ही धरून चाललो नव्हतो. एका उघडिपीच्या सकाळी आबा काठी घेऊन पुतण्याला म्हणाले, "चल, तुझ्या डब्याला काय काय येते ते पाहू." गुडघे सांभाळत ते जमेल तिथवर चढले. वैशाखातही न आटणारे पाण्याचे टाके, पाऊस चुकवायला बसायची कपार, पूर्वी खिंडीतून धान्य वाहायची बुजलेली बैलवाट, घोणस हमखास असते ती दगडांची रास, असे एकेक ठिकाण आबा काठीने दाखवत गेले आणि पोरगा बटण दाबून खूण करत गेला. जिथवर आबांना जाता आले नाही, तिथल्या खुणा त्यांनी ओट्यावर बसून तोंडी सांगितल्या आणि पुतण्या दुसऱ्या दिवशी एकटा जाऊन त्या शोधून आला. अशा एकेचाळीस खुणा झाल्या. त्यांतली एकही दुकानातल्या नकाशात नव्हती.

तुमच्याही घरात, गावात अशी जाणती माणसे असतील. यंत्र महाग घ्या की स्वस्त, की मोबाइलवरच भागवा. पण त्यांचे पाय चालते आहेत तोवर त्यांच्याबरोबर एक फेरी मारा आणि खुणा करून घ्या. उपग्रह आपण कुठे आहोत ते सांगतील. त्या जागी पाणी कुठे आणि धोका कुठे, हे सांगणारे माणूस ओट्यावर बसलेले आहे.

आणि डोंगरात निघण्याआधी कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, ते घरी सांगून जा. त्याला ना सेल लागत, ना पैसे.