मेयो परगणा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, अटलांटिक महासागराचे वारे जेथे प्रथम येऊन आदळतात, तेथे मेयो हा परगणा वसला आहे. विस्ताराने त्या बेटात त्याचा क्रमांक तिसरा. परंतु वायव्येकडील त्याच्या जमिनीस नांगर लावण्याचे धाडस सहसा कोणी करणार नाही. मैलच्या मैल ओली, काळी दलदल! वनस्पती हजारो वर्षे अर्धवट कुजून साचल्यामुळे हा थर बनला. तो कापून वाळवावा व चुलीत जाळावा, हे तेथील पिढीजात इंधन होय. १९३० च्या सुमारास पॅट्रिक कॉलफील्ड नावाच्या शाळामास्तरांस असे इंधन कापताना खाली दगडांच्या रांगा आढळल्या. ते इतिहासपूर्व काळच्या शेतांचे बांध होते. म्हणजे ह्याच भूमीवर एके काळी सुखाची शेती नांदत होती.

पुढील शेतकऱ्यांच्या नशिबी ते सुख नव्हते. सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या राजवटीने कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी हिरावून त्यांना शॅनन नदीच्या पश्चिमेस लोटले. कालांतराने बहुतेक रयत परक्या जमीनदारांची कुळे बनून बटाट्यावर गुजराण करू लागली. १८४५ साली त्या पिकावर रोग पडला. १८४१ मध्ये मेयोची वस्ती सुमारे ३ लाख ८९ हजार होती. ती दहा वर्षांत पावणेतीन लाखांवर आली. त्या दुष्काळातही देशातील धान्य व गुरे गलबतांतून बाहेर जातच होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

स्ट्रेड गावी जन्मलेल्या मायकेल डॅव्हिट ह्याचे कुटुंब १८५० साली असेच घराबाहेर काढले गेले. त्यानेच १८७९ च्या ऑगस्टात कॅसलबार येथे मेयोतील कुळांचा संघ उभारण्यात पुढाकार घेतला.

पुढल्याच वर्षी लॉर्ड अर्न ह्यांच्या कारभाऱ्याने, कॅप्टन बॉयकॉट ह्याने, खंडाची सूट मागणाऱ्या कुळांवर जमीन सोडण्याच्या नोटिसा बजावल्या. कोणी हात उगारला नाही. गडी काम सोडून गेले, दुकानदारांनी माल देण्याचे नाकारले, धोबिणीने कपडे घेतले नाहीत. शेतातले पीक काढण्यास उत्तरेकडून पन्नास मजूर आणावे लागले व त्यांच्या रक्षणास सुमारे हजार शिपाई! काही शे पौंडांच्या पिकापायी सुमारे दहा हजार पौंड खर्ची पडले, असा हिशेब सांगतात. डिसेंबरात कॅप्टनसाहेबांनी मुक्काम हलविला. 'बॉयकॉट' हा शब्द मात्र मागे राहिला. १९०५ च्या वंगभंगानंतर आपल्याकडे 'बहिष्कार' घरोघर पोहोचला, तेव्हा त्याचा इंग्रजी जोडीदार हाच होता.

१९०३ च्या कायद्याने कुळांस सरकारी कर्जावर जमिनी विकत घेण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर मोकळा झाला. परंतु त्या तुटपुंज्या तुकड्यांवर सर्व मुलांचे पोट भरेना; तरुण पिढी बोटीने अमेरिका व इंग्लंड गाठीतच राहिली. २०२२ च्या खानेसुमारीत मेयोची वस्ती सुमारे १ लाख ३८ हजार भरली.