बघ्यांचा वर्ग

जब्याला जीन्स हवी असते. ‘फँड्री’ हा सिनेमा पाहिलेल्यांना शेवटचा दगड आठवतो, हलगी आठवते, काळ्या चिमणीमागची वणवण आठवते. ती जीन्स मात्र बऱ्याच जणांच्या लक्षातून निसटून जाते. गावाबाहेरच्या झोपडीत राहणारा, डुकरं धरणाऱ्या कैकाडी घरातला हा पोरगा त्या पँटीसाठी सायकलवर गारेगार विकत हिंडतो. त्याला तिच्यात नेमकं काय दिसत असावं? चारचौघांत उठून दिसायची हौस त्याला नाही. त्याला चारचौघांत मिसळून जायचं आहे. वर्गातल्या बऱ्या घरच्या पोरांमध्ये उभं राहिलं तर कुणाची नजर आपल्यावरच अडकू नये, एवढंच त्याचं मागणं. शाळकरी वयातली बहुतेक मागणी याच जातीची असते. सगळ्यांकडे आहे तसलं दप्तर, सगळ्यांनी मारलाय तसला केसांचा कट, सगळे बोलतात ती भाषा. घरच्यांना तो हट्ट वाटतो. पोराच्या दृष्टीने तो वर्गात टिकून राहण्याचा खर्च असतो.

‘फँड्री’ची गोष्ट घडते अकोळनेरला, नगर शहराजवळच्या गावात. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी बोलण्यात ‘नगर’ काही सुटत नाही.) दिग्दर्शक नागराज मंजुळे मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे, पण संज्ञापनाचं शिक्षण त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात घेतलं. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा त्यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट याच काळातला. शाळेची ओढ असलेल्या, पण शाळेच्या बाहेरच राहिलेल्या पोराची ती गोष्ट होती. पिस्तुल्या झालेला सूरज पवार पुढे ‘फँड्री’त जब्याचा जिवलग पिऱ्या झाला. जब्या झालेला सोमनाथ अवघडे करमाळा तालुक्यातल्या केमचा. हलगी वाजवताना तो दिग्दर्शकाच्या नजरेत भरला आणि सुरुवातीला सिनेमाला चक्क नाही म्हणाला. पुढे त्यालाही उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. तारीख प्रेमाची होती, आणि पाहायला मिळालं ते वर्गातल्या मुलांचं क्रौर्य.

शेवटची डुकराची धरपकड चालू असते ती शाळेच्या समोरच. जब्या आडोसे शोधत असतो, वर्गातल्या कुणाला आपण दिसू नये म्हणून. पण शाळेतली पोरं जमतात. कुणी आरोळ्या ठोकतं, कुणी मोबाइलवर फोटो काढून फेसबुकवर टाकायच्या गोष्टी करतं. वर्गातल्या ज्या शालूवर जब्याचा जीव, जिच्यासाठी सगळा आटापिटा, ती शालूही हसते. आणि लपणाऱ्या पोराला बाप सगळ्यांदेखत बडवतो. या प्रसंगाची चर्चा जातीच्या अंगाने खूप झाली, ती व्हायलाच हवी होती. पण शाळेत छळ कसा चालतो याचाही इतका तपशीलवार नकाशा मराठी पडद्यावर दुसरा नसावा. यात एकटा खलनायक नाही. एक-दोघं डिवचणारे आहेत, त्यांची री ओढणारे आहेत, नुसतंच हसून रंग भरणारे आहेत, आणि उरलेला मोठा जमाव फक्त बघतो आहे. क्रिस्टिना साल्मिवाल्ली या फिनलंडच्या अभ्यासक बाईंनी १९९६ मध्ये वर्गांचा अभ्यास करून अशाच भूमिका मांडल्या होत्या: छळणारा, त्याचा साथीदार, चेव आणणारा, अलिप्त राहणारा आणि कधीतरी एखादा बाजू घेणारा. त्यांच्या मांडणीत आणि अकोळनेरच्या त्या प्रसंगात फरक असलाच तर एवढा, की इथे बाजू घेणाऱ्याची जागा रिकामी आहे.

कॅनडात टोरोंटोच्या शाळांमध्ये कॅमेरे आणि माइक लावून मैदानावरचे असे प्रसंग टिपण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. दहापैकी जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती. पाचात जेमतेम एका प्रसंगात कुणी मधे पडलं. पण जेव्हा पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद! एवढं स्वस्त असेल तर कुणी मधे का पडत नाही? नगरकडच्या कुठल्याही पाचवी-सहावीतल्या पोराला विचारा, तो सांगेल. मधे पडणाऱ्याचा दुसऱ्या दिवशी नंबर लागतो. सरांना सांगितलं तर ‘चुगलखोर’ म्हणून शिक्का बसतो, आणि तो शिक्का मार खाण्यापेक्षा महाग पडतो. डबा एकट्याने खावा लागतो. कबड्डीच्या दोन बाजू पडताना शेवटपर्यंत नाव येत नाही. गावाने वाळीत टाकण्याची पद्धत कायद्याने गुन्हा ठरली (महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ मध्ये लागू झाला), पण चौथीच्या वर्गात ती बिनबोभाट चालू असते आणि तिला ‘कट्टी’ म्हणतात. एकाने धरलेली कट्टी संध्याकाळपर्यंत सुटते. सगळ्या वर्गाने मिळून धरलेली वर्षभर टिकते.

गर्दीच्या या दडपणाचं मोजमाप सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजकुमारांवर केलं. काम अगदी पोरकट होतं. एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते सांगायचं. खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवून ठेवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर देणार. एकटं असताना क्वचितच चुकणारी माणसं इथे साधारण एक तृतीयांश वेळा डोळ्यांना दिसत असलेलं नाकारून बहुमताचं चुकीचं उत्तर देऊ लागली. हा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. कमी सांगितला जातो तो पुढचा भाग. अ‍ॅशने त्या खोलीत खरं उत्तर देणारा फक्त एक सोबती बसवला आणि चुका जेमतेम पाच-सहा टक्क्यांवर आल्या. मग त्या सोबत्याला अर्ध्या वाटेवर बहुमताच्या बाजूला फिरवलं, तेव्हा चुका पुन्हा जवळपास पहिल्याइतक्या वाढल्या. आणखी एकदा त्याने सोबत्याला काहीतरी काम काढून खोलीबाहेर पाठवलं. तेव्हाही चुका वाढल्या, पण तो फितूर झाला होता त्यापेक्षा कमी. निघून गेलेला मित्र काही काळ तरी पाठीशी राहतो. उलटलेला मित्र मात्र होतं तेवढंही बळ घेऊन जातो.

म्हणून ‘फँड्री’तला पिऱ्या महत्त्वाचा. तो कुणाशी भांडत नाही, भाषण करत नाही. जब्याबरोबर चिमणीमागे रानोमाळ हिंडतो, सायकल ढकलतो. चिमणी जाळून तिची राख टाकली की शालू वश होईल, यावर त्याचा विश्वास आहे की नाही कोण जाणे, पण तो विचारत बसत नाही. शाळेत मैत्रीवर निबंध लिहायला लावतात तेव्हा कृष्ण-सुदाम्याचा दाखला हमखास येतो. पण सुदाम्याची कसोटी द्वारकेच्या वाड्यात लागली, सांदीपनींच्या आश्रमातल्या टवाळ पोरांसमोर नव्हे. शाळकरी मैत्रीची किंमत मधल्या सुट्टीत कळते: सगळे हसत असताना हा हसला का?

नावावरून होणारी टवाळी तर सर्वांत सोपी. जब्याचं शाळेतलं नाव जांबुवंत कचरू माने. हजेरी घेताना बापाचं नाव उच्चारलं की वर्गाला आयतं खाद्य मिळावं, असं ते नाव. नगर जिल्ह्यातल्याच, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांनी ‘बलुतं’ (१९७८) लिहिलं तेव्हा आत्मकथा सांगण्याचं काम त्यांनी दगडू मारुती पवारवर सोपवलं आणि ऐकणारा ठेवला दया पवार. दगडू, धोंडू, कचरू ही नावं कुठल्या वस्तीत ठेवली जातात आणि शिकलेल्या माणसाला ती का बोचतात, हे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला ऐकवलं. संगमनेरात शिकलेला हा मुलगा पुढे कवी झाला, पद्मश्री झाला. पण दगडूला त्याने पुस्तकाबाहेर काढलं नाही, हे बरं केलं.

आता सगळेच जातीवरून छळतात असं नाही. जाडेपणा, काळा रंग, तोतरेपणा, आईवडिलांचं वेगळं होणं, बायकी चालणं, गणितात पैकीच्या पैकी गुण, यातलं काहीही चालतं. पाथर्डी-शेवगावकडच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं पोर दिवाळीनंतर तोडणीच्या कोपीवर जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतं, तेव्हा त्याच्या बाकावर दुसरा बसलेला असतो. वाचन मागे पडलेलं असतं आणि पोरांचे गट पक्के झालेले असतात. त्याला कुणी मारत नाही. त्याच्यासाठी कुणी सरकत नाही, इतकंच. आणि मोबाइल आल्यापासून शाळा सुटण्याच्या घंटेला अर्थ उरलेला नाही. पूर्वी चिडवणं वेशीपर्यंत मागे यायचं, आता ते उशाशी येतं. वर्गाचा एक ग्रुप असतो आणि एकाला वगळून बाकीच्यांचा दुसरा.

विषय चिडवाचिडवीचा असेल तर खर्ड्याचं नाव इथे येऊ नये, असं कुणाला वाटेल. १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासाच्या पुस्तकात गेलेलं हे जामखेड तालुक्यातलं गाव. ‘फँड्री’ चित्रगृहांत लागून अडीच महिनेही झाले नव्हते. २८ एप्रिल २०१४ रोजी इथल्या नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला शाळेच्या आवारातून मारहाण करत नेलं आणि ठार केलं, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. खटल्यात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते, त्यात शाळेशी संबंधित माणसंही होती.

हा छळ नव्हे, हा खुनाचा खटला आहे, आणि दोन्ही एका तराजूत घालणं चुकीचं ठरेल. तरीही अ‍ॅशच्या खोलीतल्या रेघा इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून ‘मी काही पाहिलं नाही’ म्हणणारी माणसं एका दिवसात घडत नसतात. भीती असते, नात्याची ओढ असते, गावात उद्या राहायचं असतं. या सगळ्याचा सराव मात्र बाकावर बसल्या-बसल्या आधीच झालेला असतो. कुणाला ढकललं, कुणाचा डबा सांडला, कुणाच्या आईवरून काय बोललं गेलं, हे चाळीस पोरांनी पाहिलेलं असतं. आणि सरांनी ‘कुणी केलं?’ विचारल्यावर वर्ग गप्प.

सर तरी काय करतात? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली. तो धाक शिक्षकांना आहे. मुलाने मुलाला दिलेल्या त्रासाचं काय, हे शाळेने आपलं आपण बघायचं. राज्यात शाळाशाळांतून तक्रारपेट्या लावायच्या सूचना आहेत, २०२२ पासून सखी सावित्री समित्या आहेत. पेटी बहुतेक वेळा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर टांगलेली असते. वर्गातल्या सगळ्यांच्या देखत तिथवर चालत जाऊन चिठ्ठी टाकणारं पोर किती धीराचं असावं लागेल, याचा विचार पेटी ठोकणाऱ्याने केलेला दिसत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला होता. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकाच पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू बोर्डिंगचं नाव मिळालं. तिथे मैत्रीवर व्याख्यानं झाली असतील-नसतील. पण ज्याच्या जोडीने कामं उरकायची आणि ज्याच्या ताटाला ताट लावून बसायचं, त्याच्याशी कट्टी धरणं गैरसोयीचंच पडलं असणार. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा पुढे नगर जिल्ह्यात गावोगाव झाल्या. शाळा पसरल्या तितकी ती पंगत पसरली नाही.

तमिळनाडूने अलीकडे याच बाजूने थोडा विचार केला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या नांगुनेरीत एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. मध्ये आलेली बहीणही जखमी झाली. त्यानंतर नेमलेल्या न्या. के. चंद्रू समितीने जून २०२४ मध्ये अहवाल दिला. मनगटावरचे जातीचे रंगीत धागे बंद करा, असं त्यात होतं आणि त्यावर बरीच ओरड झाली. वर्गात मुलांना अकारविल्हे बसवा, ही शिफारस मात्र फार कुणी चर्चिली नाही. खरं तर शाळेच्या हातातलं सर्वांत बिनखर्ची काम तेच. कोण कुणाशेजारी बसतो यावर डबा कुणाबरोबर खाल्ला जाईल, वही कुणाची मागितली जाईल आणि मधल्या सुट्टीत कुणाच्या बाजूने निदान एक जण असेल, हे पुष्कळसं ठरतं.

आपल्याकडे काही शिक्षक दर आठवड्याला बाक बदलून बसवतात. पहिल्या सोमवारी पोरं कुरकुरतात, महिन्याभरात विसरतात. मोठी माणसं विसरत नाहीत. ‘आमच्या पोराला त्याच्याशेजारी कशाला बसवलं?’ असं विचारायला एखादे पालक शाळेत येतात, त्याच्या म्हणजे कुणाच्या ते मोघमच ठेवतात, चहा घेतात, आणि शाळा समितीवर आपलं कोण आहे तेही जाता जाता सांगून जातात.