कामटी, खळ आणि उजेड

सोयाबीनच्या सुड्या मळून झाल्या आणि तुरीला फुलोरा धरू लागला, म्हणजे रिसोड तालुक्यातील आमच्या रिठदकडे घरोघर दिवाळीचे वेध लागतात. बाजारात प्लास्टिकच्या चकचकीत कंदिलांची रेलचेल असली, तरी घराच्या ओसरीवर बसून कामट्यांचा आकाशकंदील बांधण्याचा प्रघात ज्यांनी अद्याप सोडलेला नाही, त्यांच्याविषयी मला वाटणारा आदर केवळ गतकालाच्या ममतेतून आलेला नाही. त्या साध्या कृतीत जे शिल्पज्ञान सामावलेले आहे, ते मला खरोखरच थोर वाटते.

विदर्भाच्या कोरड्या डोंगरांत वाढणारा मानवेल हा वेळू जवळजवळ भरीव असतो. कंदिलाच्या कामट्यांसाठी बुरूड तो उभा चिरतो, पेरांच्या गाठी तासतो आणि सालीकडचा भाग राखून आतला गर काढून टाकतो. कारण वेळूचे बळ सालीपाशी असते आणि गरातील पिष्टावर भुंगा पोसला जातो. म्हणूनच कोवळा वेळू वर्ज्य मानावा आणि कामट्या काही दिवस पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवाव्यात. वनस्पतिशास्त्राने ज्याला तृणकुळात बसविले, त्या वेळूला १९२७ च्या वन अधिनियमाने वृक्षांत गणले होते, आणि वनक्षेत्राबाहेरच्या वेळूची त्या व्याख्येतून सुटका व्हायला २०१७ साल उजाडावे लागले. मेळघाटात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू कारागिरांच्या हातच्या या विद्येला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचे मोल अशा वेळी विशेषच जाणवते.

आता बांधणी. सारख्या मापाच्या कामट्यांचे सहा चौकोन करून कोपऱ्याला कोपरा जुळवीत दोऱ्याने बांधले, की त्यांच्या मधोमध आठ त्रिकोण आपोआप उभे राहतात. त्रिकोण आपला आकार सोडीत नाही; चौकोन मात्र ढळतो, आणि त्यामुळे तो सांगाडा हाती घेतला तर पीळ खातो, मिटू पाहतो, आणि नवशिक्याला आपल्या गाठी सैल राहिल्याची शंका येते. गाठींचा त्यात काही अपराध नसतो. मैद्याची खळ शिजवून, कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालून (ती लहान मुलांच्या हाती पडू नये एवढी खबरदारी घ्यावी), पतंगी कागदाचा ताव चौकोनावर ताणून बसवला आणि तो सुकला, म्हणजे तोच डळमळणारा सांगाडा एकाएकी ताठ होतो. चौकोनाला ढळायचे तर त्याचा एक कर्ण लांबला पाहिजे, आणि ताणलेला कागद त्याला लांबू देत नाही. फुंकरीने उडणारा कागद वेळूला आवरून धरतो, हे प्रत्यक्ष हाताला जाणवते तेव्हा मला आजही अपूर्व आनंद होतो.

देवालयांच्या दिवाबत्तीसाठी इनाम जमिनी तोडून देऊन त्यांच्या सनदा करण्याची रीत ज्या मुलखात होती, तेथे दिव्याचे आवरण घरच्या हातचे असावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. पणतीचेही तसेच. आमची काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून गाळाची माती आणून तीत राख वा लीद मिसळावी लागते. तेवढे श्रम घेतले, की कुंभाराच्या चाकावाचूनही बोटांनी दाबून ठसठशीत पणती घडते. तेलाची ज्योत कंदिलात ठेवायची तर वर धुराला वाट हवी आणि वाऱ्याचा धाक बाळगायला हवा. जुन्या तापणाऱ्या बल्बने कागद करपून तपकिरी होई. हल्लीचा एलईडी दिवा मात्र फारसा तापत नाही, तेव्हा कागदाच्या कंदिलाला इतका अनुकूल काळ पूर्वी कधी नव्हता असेच मी म्हणेन.

रंगाच्या बाबतीत माझा कौल पांढऱ्या तावाला आहे. त्यातून कामट्यांच्या सावल्या स्वच्छ उमटतात आणि बांधणाऱ्याचा हात दिसतो. कार्तिकी पौर्णिमा झाली, की कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलून घ्यावा आणि सांगाडा माळ्यावर कोरड्या जागी टांगावा. वेळू नीट मुरवलेला असेल, तर पुढच्या आश्विनात नवा ताव आणि ताजी खळ एवढ्यावर भागते.