ताहिनी आणि एक चमचा तूप

आमच्या फ्रीजच्या दारात हल्ली एक काचेची बाटली असते. मूळची लोणच्याची. आत सायीच्या रंगाचं दाटसर काहीतरी, आणि गळ्याशी दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. येणारा-जाणारा विचारतो, "बाई, हे ताक का?" मी म्हणते, "नाही हो, तीळ आहेत." मग विषय निघतो, आणि मी कृती सांगते. पण त्या बाटलीमागची खरी गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ती आज सांगणार आहे.

माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, दोन वर्षांपूर्वी शिकायला म्हणून पुण्यात माझ्याकडे राहायला आली. दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि एक बातमी घेऊन. "आजी, मी व्हीगन झालेय." तिच्या स्वरावरून मला आधी वाटलं, काही दुखणंबिखणं आहे की काय! मग तिने समजावून सांगितलं. मांस-मच्छी-अंडी नाहीच, पण दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर आणि मधसुद्धा नाही. प्राण्यांपासून मिळणारं काहीच नाही.

मास्तरकीची खोड काही जात नाही, म्हणून मी त्या शब्दाचा माग काढला. तो १९४४ साली इंग्लंडमध्ये जन्माला आला. डोनाल्ड वॉटसन नावाच्या गृहस्थांनी काही समविचारी मंडळींबरोबर व्हीगन सोसायटी स्थापन केली, आणि 'व्हेजिटेरियन' शब्दाचं डोकं आणि शेपूट जोडून हे नाव तयार झालं. वॉटसन पेशाने शाळेत सुतारकाम शिकवणारे शिक्षक होते. २००५ साली, पंचाण्णवाव्या वर्षी ते वारले. शिक्षक निघाले म्हणून मला उगाचच थोडं बरं वाटलं. असो.

खरं म्हणजे आपल्या स्वयंपाकात अडचण अशी फार नव्हती. पिठलं-भाकरी, आमटी-भात, भरली वांगी, थालीपीठ, उसळी, चटण्या... हे सगळं तिला चालत होतं आणि ती आवडीने खातही होती. अडचण माझी होती. आमच्या पिढीला माया करायची म्हणजे तूप वाढायचं, एवढंच ठाऊक. वरणभातावर तूप नाही, कोशिंबिरीत दही नाही, निजताना कपभर दूध नाही. मला वाटायचं, ही पोर माझ्याकडे नुसतीच राहतेय, माझं काही घेत नाही.

आणि मग तो डिसेंबरमधला दिवस. मी खमंग काकडी केली होती. कोवळी काकडी चोचवलेली, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, साखर. आणि वर फोडणी. हात तेलाच्या बुधलीकडे न जाता तुपाच्या भांड्याकडे गेला. सवयीने गेला असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नाही. मला ठाऊक होतं. मनात म्हटलं, एक चमचा तुपाने काय होतंय? कळणारसुद्धा नाही. उलट दोन घास जास्त जातील.

पान घेतल्यावर तिने विचारलं, "फोडणी तेलाची ना गं आजी?"

"हो हो, तेलाचीच," मी म्हणाले.

तिने दोनदा मागून घेतली. मी मनातल्या मनात जिंकले. रात्री ती पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आली. मोरीत फोडणीची पळी पडली होती, आणि थंडीमुळे त्यात राहिलेलं तूप पांढरं, रवाळ थिजलं होतं. तेल काही असं थिजत नाही. तिने पळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी घेऊन निघून गेली. एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून एकच बदल झाला. पान घेतलं की ती शांतपणे विचारायची, "आज यात काय काय आहे?" भाजीला विचारायची, आमटीला विचारायची, चटणीलासुद्धा. रागाने नाही हो, अगदी गोड बोलून. पण प्रत्येक वेळी मला चटका बसायचा. मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. गृहपाठ न करता "हो बाई, केलाय, वही घरी राहिली" म्हणणारी मुलं मी चेहऱ्यावरून ओळखायची आणि त्यांना सांगायची, "अरे, गृहपाठ केला नाहीस याचा राग नाही, खोटं बोललास याचा आहे." तेच वाक्य आता माझ्याकडे परत आलं होतं. मराठीत एक म्हण आहे, तीळ खाऊन व्रत मोडणे. क्षुल्लक लाभासाठी मोठी गोष्ट घालवणे. मी तर दुसऱ्याचं व्रत मोडलं होतं, तेही त्याला न सांगता.

त्या दिवसांत मला सासूबाईंची फार आठवण यायची. १९७४ साली माझं लग्न झालं. माझं माहेर सातारकडचं, कडक शाकाहारी. सासर गिरगावातलं, कोकणातून आलेलं, बाजाराच्या दिवशी बांगड्याचा वास नाही तर जेवल्यासारखं न वाटणारं. प्रेमापोटी आणि हट्टापोटी मी त्या घरात गेले खरी, पण मासळी खाणं मला जमेना. सासूबाई बोलायला फटकळ. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. चौथ्या की पाचव्या दिवशी त्या बाजारातून एक नवा तवा आणि उलथनं घेऊन आल्या, भिंतीवरच्या वेगळ्या खिळ्याला अडकवलं आणि म्हणाल्या, "हे तुझं. ह्याला आमचा हात लागणार नाही." बस्स. पुढे त्यावर कधी भाषण नाही की टोमणा नाही. त्यांना माझं न खाणं पटलं होतं का? मुळीच नाही. "एवढं चांगलं सोडून घास-पाला खाते," असं त्या शेजारणीला सांगताना मी कानांनी ऐकलंय. पण त्या तव्यावर कधी चुकूनसुद्धा मासळी पडली नाही. मला एकदाही विचारावं लागलं नाही.

शेवटी एका रविवारी मी नातीला म्हटलं, "चुकलं माझं. त्या दिवशी तूप घातलं होतं."

ती म्हणाली, "माहितीये. तू 'तूपच आहे, खायचं तर खा' म्हणाली असतीस तरी चाललं असतं. 'हो' म्हणालीस ना, ते..." पुढचं तिने गिळलं. मग म्हणाली, "आजी, मला तुला पटवायचं नाहीये. मला फक्त खायचं नाहीये."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी विचारलं, "बरं, मग कोशिंबिरीत दह्याऐवजी काय घालू ते तरी सांग." तेव्हा तिने तिच्या खोलीतून एक छोटी बाटली आणली. ताहिनी. मी बोटाने चाखून पाहिली आणि म्हणाले, "अगं, हे तर आपले तीळ!"

तीळच ते. लेबनॉन, पॅलेस्टाईन, सीरिया, तुर्कस्तान त्या सगळ्या बाजूला तीळ वाटून त्याचं असं सरसरीत लोणी करतात. हमसमध्ये घालतात, आणि भाजलेल्या वांग्यात कालवून बाबा गनूश करतात, म्हणजे आपल्या भरताचा चुलतभाऊच. ताहिनी हा शब्द ज्या अरबी धातूवरून आला त्याचा अर्थ दळणे. आणि आपला 'तेल' शब्द संस्कृतातल्या 'तैल'वरून, म्हणजे तिळापासून निघालेलं ते. दोन्हीकडे एकच दाणा. तिकडे दळण्यावरून नाव पडलं, इकडे गाळण्यावरून. नातीने दह्यातुपाला तिलांजली दिली आणि ती जागा भरायला तीळच यावेत, याची मला गंमत वाटली.

बाटलीची किंमत ऐकल्यावर मात्र मी घरीच करायचं ठरवलं. पहिल्यांदा फसलं. संक्रांतीच्या लाडवांना भाजते तसे तीळ लालसर भाजले, आणि वाटताना चटणीच्या सवयीने पाणी घातलं. कडवट, खरबरीत, पांढरट चटणी झाली. दुसऱ्या खेपेला जमलं. ते आता नीट सांगते.

पॉलिशचे पांढरे तीळ एक वाटी. गावरान, सालाचे तीळ घेऊ नयेत असं नाही, पण कडवटपणा सालाचा असतो. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, सतत हलवत. तडतडायला लागले, खमंग वास आला की रंग बदलायच्या आत गॅस बंद, आणि लगेच ताटात पसरायचे, कारण गरम कढईत ते भाजतच राहतात. निवाले की मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवायचे. आधी कूट होतं, मग ते कडेला चिकटून बसतं. चमच्याने खाली ओढायचं, पुन्हा फिरवायचं. दोन-तीन चमचे तेल घालायचं. तिळाचं असेल तर उत्तम, नाहीतर कुठलंही वास नसलेलं. तिळात जवळजवळ निम्मं तेलच असतं, ते सुटायला वेळ लागतो. मिक्सर तापतो, त्याला मधे विश्रांती द्यायची. शेवटी चमच्यावरून धार पडेल इतकं सैल झालं की ताहिनी तयार. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, म्हणजे महिनाभर सहज टिकते. तेल वर येतं, ते ओतून टाकायचं नाही, ढवळून घ्यायचं.

आता कोशिंबिरीवर घालायचं. लसणीची एक लहान पाकळी किसून दोन मोठे चमचे लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवायची, म्हणजे तिचा उग्रपणा मरतो. त्यात चवीला मीठ, चिमूटभर जिरेपूड आणि सुपारीएवढा गूळ चिरून. (पुष्कळजण मध घालतात, तो हिला चालत नाही. आणि तिळाला गूळ शोभतोही!) मग चार मोठे चमचे ताहिनी घालून ढवळायचं.

इथे पहिल्यांदा माझा जीव गेला. इतकी सैल ताहिनी, पण लिंबू लागताच तिचा घट्ट, रवाळ गोळा झाला. मला वाटलं, नासलं. मी भांडं मोरीकडे घेऊन निघालेसुद्धा. नात म्हणाली, "थांब, टाकू नकोस. अजून पाणी घाल." गार पाणी चमचा चमचा घालत गेले. चौथ्या-पाचव्या चमच्याला तो गोळा सुटला, आणि बघता बघता सगळं पांढरंशुभ्र, मऊ, अगदी घुसळलेल्या दह्यासारखं झालं. कारण साधं आहे. तिळाचे कण तेलात बुडालेले असतात. थोडंसंच पाणी मिळालं की ते कण पाणी धरून एकमेकांना चिकटतात. पुरेसं पाणी मिळालं की तेलाचे बारीक थेंब होऊन पाण्यात पसरतात आणि पांढरे दिसतात. दुधाचा पांढरेपणाही बराचसा असाच.

काकडी, गाजर, कोबी, टोमॅटो, उकडलेले छोले, कोथिंबीर, यावर हे घालायचं ते अगदी पान वाढताना. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं. कोशिंबिरीचा जुनाच नियम. उकडलेल्या बिटावर तर फारच छान लागतं. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतं. घट्ट झालं तर पुन्हा चमचाभर पाणी.

हे दह्याची बरोबरी करतं का? चवीत नाही, ही वेगळी चव आहे. आणि पोषणाच्या बाबतीतही ताहिनीवर भिस्त ठेवून चालत नाही. बी-१२ जीवनसत्त्व तिळात नसतंच, त्यासाठी नात डॉक्टरांना विचारून गोळी घेते. मी स्वतः अजून दही खाते, तूपही खाते, आणि तिचं सगळं म्हणणं मला पटलंय असंही नाही. सासूबाईंना तरी माझं कुठे पटलं होतं?

मध्यंतरी शेजारच्या मुलाला मी हौसेने ही कोशिंबीर देऊ केली, तेव्हा त्याच्या आईने आधी विचारलं, "काकू, यात तीळ नाहीत ना? त्याला चालत नाहीत." काही जणांना तिळाची जबर ॲलर्जी असते. अमेरिकेत तर २०२३ सालापासून पाकिटावर तीळ असल्याचं ठळक सांगणं कायद्याने सक्तीचं आहे. मी चटकन वाटी मागे घेतली. त्या दिवशी मी "नाहीत" म्हणाले असते तर? नुसत्या विचाराने अंगावर काटा आला. खाणाऱ्याने विश्वासाने तोंड उघडलेलं असतं, आणि आत काय जातंय ते वाढणाऱ्यालाच ठाऊक असतं.

त्याच संध्याकाळी मी बाटलीला चिठ्ठी बांधली. फळ्यावर लिहायची तशा ठळक अक्षरात. तीळ, तिळाचं तेल, लिंबू, लसूण, मीठ, जिरे, गूळ, पाणी. खाली तारीख.

भिंतीवर आता दोन खिळ्यांना फोडणीच्या दोन पळ्या आहेत. एक तुपाची, एक तेलाची. नात अजूनही पान घेतल्यावर क्षणभर थांबते, पण तिने विचारायच्या आत मी वाढता वाढताच सांगून टाकते, यात हे आहे, यात ते आहे. परवा ती हसून म्हणाली, "आजी, मी विचारलं का?"

म्हटलं, "तू विचारू नकोस. मी सांगत जाईन."